पपईचा देठ आणि उघडे ट्रक

काही आठवड्यांपूर्वी वणीच्या प्रेसमध्ये पत्रक छापून घेत होते, तेव्हा मोठीआईचा फोन आला. "ये बाई. तुहे मोठेबाबा गेले..." माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. घर कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर. बिडीला कधी शिवले नाहीत, पण शेवटी ओट्यावरून नळापर्यंत जाताना दम लागून मध्येच बसावं लागायचं. धुळीनंच झालं, असं कोणत्या डॉक्टरनं लिहून दिलं नाही.

श्वसनसंस्थेचा धडा आला की ते खाटकाकडून बोकडाचं फोपसं आणत. श्वासनलिकेत पपईच्या पानाचा पोकळ देठ बसवून फुंकत. तो लोळागोळा दोन्ही बाजूंनी गुलाबी फुगून यायचा. "पाहा, नळीला दोन फांद्या, फांद्यांना डहाळ्या, टोकाला हवेच्या बारीक पिशव्या. तिथं प्राणवायू रक्तात जातो, कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो." माझ्या वर्गाच्या वेळी मात्र फोपसं अर्धंच उठलं. मागून कोणी म्हणालं, "सर, बोकड म्हातारा होता काय?" वर्ग हसला, तेही हसले. "बोकड जवानच होता बे. फुंकणारा म्हातारा झाला." मग नवा देठ कापून माझ्या हातात दिला. "पोरी, तू फुंक."

पुढे ट्रकांवर ताडपत्री बांधा, या मागणीसाठी मी पत्रक लिहिलं. काळे राक्षस आमचा श्वास पीत आहेत, अशी सुरुवात. त्यांनी वाचलं, दम लागला म्हणून थांबले... "राक्षस कुठी पाह्यला तू? कायले ओरडून राह्यली? धूळ कुठवर जाते, थे लिही. लोक आपलीच छाती चाचपतील."

मला राग आला. विस्तवाशिवाय पत्रक कसलं? तरी लिहिलं: जाड धूळ नाकातल्या केसांत, कफात अडकते, बारीक धूळ थेट पिशव्यांपर्यंत उतरते. त्याखाली त्यांचं वाक्य, "तिथं झाडू पोचत नाही." आणि शेवटी ताडपत्रीची मागणी. फोन आला त्या दिवशी प्रेसमध्ये तेच पत्रक छापत होते. छापलेलं त्यांनी पाहिलं नाही.

त्यांच्या फळीवर अजून श्वास कसा चालतो ते वर्गात दाखवायची त्यांची बाटली आहे. आत दोन फुगे, बुडाला ताणलेलं रबर. परवा मी रबर खाली ओढलं. छातीखालचा पडदा उतरला की जागा होते, हवा आपोआप येते... फुगे भरले. मोठीआईनं येऊन बाटलीवर फडकं टाकलं.

"झाकून ठेवत जा माय. धूळ बसते."

बाहेरून ट्रक गेला. उघडाच.