गोजराबाईंचा उजवा डोळा

"आणि टेबलावरच काही झालं म्हणजे?" दिलीपने समोरचं ताट पुढे सरकवलं. "साखर आहे, बीपी आहे, कार्डिओग्राममध्येही काहीतरी निघालंय. सत्तरी उलटली आई. आता मोतीबिंदू काढून काय करायचंय तुला?"

"बघायचंय," गोजराबाई म्हणाल्या.

जयमालाला हसू आलं. नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते घासाबरोबर गिळलं.

तिच्या सासूला बसून राहणं माहीतच नव्हतं. कळंबोलीचा लोखंडबाजार नवा होता तेव्हा त्या ट्रकवाल्यांच्या खानावळीत भाकऱ्या थापायच्या. पुढे दिलीप पावणे गावाजवळच्या कारखान्यात लागला, नेरुळला फ्लॅट झाला, तरी भाजीला खाली उतरायच्या त्या गोजराबाईच. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात जिन्यात पडल्या आणि दिलीपने त्यांचं एकटीने उतरणं बंद केलं. तेव्हापासून गॅलरीतून दारापर्यंत, दारापासून गॅलरीत, दिवसभर त्यांच्या फेऱ्या. कुणाची का बेल वाजेना, दाराशी आधी त्या. जयमालाचंही चित्त थाऱ्यावर राहत नसे.

"डॉक्टर काय म्हणाले? विचार करा म्हणाले ना?"

"ते आपल्या सोसायटीतले," जयमाला म्हणाली. "डोळ्याचे डॉक्टर म्हणाले, साखर उतरली की करू. उतरलीय. कार्डिओग्रामही दाखवलाय त्यांना. शुक्रवारी या म्हणतात."

"आई, तू रिपोर्ट बघ जरा तुझे."

"मला दिसत असते तर बघितले असते." गोजराबाईंनी पाण्याचा पेला चाचपत जवळ ओढला. "मला कसं वाटतंय ते विचार की. अन्न गोड लागतंय, झोप लागतीय, तुझं बोलणं पण पचतंय. मी इतक्यात कुठं जात न्हाई, दिलीप."

"असं वाटण्यावर असतं का?"

"नानांचं कशावर होतं?" जयमालाने विचारलं.

गेल्या वर्षी दिलीपचे वडील, नाना, रोज म्हणायचे, आतून बरं वाटत नाही, माझं आता फार राहिलं नाही. दोन-दोनदा तपासण्या झाल्या. काही निघालं नाही.

"तुम्हीच वाचून दाखवलं त्यांना," जयमाला म्हणाली. "सगळं नॉर्मल आहे नाना, उगाच टेन्शन घेता. दिवाळी काही बघितली नाही त्यांनी."

"तो योगायोग."

"असेल."

"तुला काय वाटतं, मला तिचे डोळे नकोत?" दिलीपचा आवाज उतरला. "एकदा घरातून माणूस गेलंय."

"मग मी हितं भिंतीला धडकत राहू, तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून?" गोजराबाई उठून पुन्हा गॅलरीकडे निघाल्या. मधल्या खुर्चीला त्यांची मांडी आपटली. त्यांनी आवाज केला नाही.

जयमालाने खुर्ची बाजूला केली आणि ताटं उचलली.

"शुक्रवारी सकाळी मी आईंना दवाखान्यात नेतेय," ती म्हणाली. "आधी उजवा डोळा. त्या दिवशी डबा होणार नाही, कॅन्टीनमध्ये जेवा."