बाईंचं भाषांतर

इंग्रजीच्या बाई वर्गात कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. भिगवणहून सव्वापाचची एसटी गाठायची घाई असे. "नोकरी करायची तर घरच्या वेळेत," असं त्यांच्या पळसदेवच्या सासऱ्यांनी, म्हणजे तात्यांनी, बजावलेलं. म्हणून फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाच्या कामांची यादी, आणि काम झालं की त्यावर रेघ. याद्या करायची माझी सवय तिथली.

बारावीला त्यांनी 'मॅरी' हे क्रियापद शिकवलं. वाक्य करा म्हटल्यावर निम्म्या मुलींनी लिहिलं, 'वडील मे महिन्यात माझं लग्न करतील.' बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं.

"यात तुम्ही कुठं आहात गं? जिचं लग्न, तिनं पुढं उभं राहायचं."

त्याच वर्षी मला बघायला पाहुणे आले. मुलगा तात्यांच्या इंदापूरच्या दोस्ताचा. स्थळ तात्यांनीच आणलेलं, म्हणून बाईही सोबत होत्या. डोक्यावर पदर घेतलेल्या बाई मी पहिल्यांदाच बघितल्या. पोहे झाले, स्वयंपाक-शिवण विचारून झालं. मग तात्या म्हणाले, "पोरीला इंग्रजी येतं म्हणं. सूनबाई, घ्या परीक्षा."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "मॅरी," त्या म्हणाल्या. "वाक्य कर."

इंग्रजी समजणाऱ्या तिथं आम्ही दोघीच. मी उभी राहिले. आत्ता मला लग्न करायचं नाही, शिकायचंय, हे यांना सांगा, असं इंग्रजीत एका दमात बोलले.

"आयला, फाडफाड बोलती की!" मुलाचे वडील खूश झाले. "पण म्हणली काय?"

"सांगा की, सूनबाई," तात्या म्हणाले.

बाईंनी पदर नीट केला. घड्याळाकडे बघितलं.

"म्हणतीय, वडील म्हणतील तसं."

सुपारी तिथंच फुटली. बारावीचा निकाल मला सासरी कळला.

सहा-सात वर्षांनी इंदापूरच्या स्टँडवर बाई दिसल्या. माझ्या कडेवर मुलगी, हातात किराण्याची यादी. त्यांनी यादी घेतली, वाचली, परत दिली. कशी आहेस, असं विचारलं नाही.

"तुझं वाक्य बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "चूक माझ्या भाषांतरात होती."

त्यांना काय काय विचारायचं, याची यादी माझ्याकडे कधीची तयार होती. तेवढ्यात पळसदेवकडची गाडी फलाटाला लागली आणि त्यांचा हात पर्सच्या पट्ट्यावर गेला.

"बाई, पळा," मी म्हणाले. "चुकंल."

त्या पळाल्या.