उसाच्या गावात कारवानी

वडील गेले, भाऊ चाकणला कंपनीत लागला, पाथर्डीकडं तिसगावजवळच्या माहेरच्या घराला कुलूप लागलं आणि वडिलांची कारवानी जातीची शिकारी कुत्री पिकअपमध्ये बसून माझ्या सासरी, उसाच्या बेलापूरला आली. पोळ्याच्या आसपासची गोष्ट. शेपूट हलवत उतरली असं काही नाही. लग्नघरी आलेल्या मानाच्या पाहुणीसारखी इकडेतिकडे बघत उतरली, सरळ घरात शिरली आणि नुकत्याच धुतलेल्या गोधडीवर आडवी झाली.

तिला नाव होतं, पण त्या नावाला तिनं कधी भाव दिला नाही. हाक मारली की एक कान वळवायचा, विचार करायचा, आणि बहुतेक वेळा नाही म्हणायचं, असा तिचा कारभार. भुंकणं तर जवळजवळ माहीतच नव्हतं. दुधाचं भांडं मात्र कितीही उंच ठेवा, तिचं तोंड तिथवर पोचायचं. कारवानीची अंगकाठीच तशी, पाय लांब, छाती खोल, कंबर एवढीशी आणि फासळ्या मोजून घ्याव्यात अशा. शेजारची बाई रोज विचारायची, "काय वं, खायला घालीत न्हाई का हिला?" मी पहिल्यांदा समजावलं, नंतर समजवायचं सोडून दिलं.

दिवाळी जवळ आली तशी ती खरंच खंगायला लागली. बाजरीची भाकरी दुधात कुस्करून दिली तरी हुंगून बाजूला व्हायची. जनावरांच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं, दात पाहिले, ताप पाहिला, काही सापडलं नाही. मोकळी सोडावी तर आमच्या वस्तीला तिन्ही बाजूंनी ऊस आणि उसात बिबट्या. पलीकडच्या वस्तीवरची दोन कुत्री त्यानं उचलली होती. समोर डांबरी रस्ता, त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची वर्दळ. म्हणून साखळी. साखळीला ती ओढ द्यायची नाही की रडायची नाही, नुसती मान फिरवून बसायची. माझा जीव तुटायचा.

"माहेरी पाठवून दे," नवरा वैतागून म्हणाला. "इथं राहिली तर मरंल ती."

"माहेराला कुलूप आहे," मी म्हणाले.

साखळी सोडली की मात्र ती एकच गोष्ट करायची. बाहेरच्या जिन्यानं स्लॅबवर जायची आणि कडेला उभी राहून मागच्या रानाकडं बघत बसायची. मला नवल वाटायचं. बघते तरी काय? एक दिवस कपडे वाळत घालायचे सोडून मीही तिच्याशेजारी उकिडवी बसले, तिच्या डोळ्यांच्या उंचीला डोळे आणले. समोर उसाचे शेंडे, त्यांच्यावर तुरे, त्यांच्या मागे आणखी शेंडे. जमीन कुठंच नाही. वडील म्हणायचे ते तेव्हा आठवलं, ही जात नाकानं नाही, डोळ्यांनी पळते. लांबवर काही हललं की निघाली. आणि इथं लांब असं काही नव्हतंच.

खरं सांगायचं तर मी लग्न होऊन आले तेव्हा मलाही हेच झालं होतं. आमच्या पाथर्डीकडं पाणी नाही, पण दारात उभं राहिलं की पार डोंगरापर्यंत दिसतं. कुणाकडं कोण चाललंय हे तो पोचायच्या आधी कळतं. इथं आल्यावर सगळे म्हणाले, नशीब काढलंस, पाटपाण्याच्या गावात पडलीस. ते खोटं नव्हतं. तरी दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी मी नवऱ्याला विचारलं होतं, "इथून लांबचं काहीच दिसत नाही का हो?" तो हसला होता. "लांबचं काय बघायचंय?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही, आणि पुढं विसरूनही गेले.

दिवाळी झाली आणि आमच्या उसाला तोड आली. तोडणाऱ्यांची टोळी पाथर्डीकडचीच. घरामागचं सगळं रान मोकळं झालं, पाचट पेटवून झालं, तेव्हा मी भरदुपारी साखळी सोडली. ती बांधावर थांबली. एक पाय उचललेला, कान मागे. मग जी सुटली! पोट जमिनीला लागतंय असं वाटावं इतकी खाली वाकून, पार पलीकडच्या बांधापर्यंत, तिथून वळसा, परत, पुन्हा. समोर ना ससा ना काही. शेजारच्या फडात ऊस तोडणारी टोळीतली एक बाई कोयता हातात तसाच धरून उभी राहिली आणि म्हणाली, "अगं बया, ही तर आपल्याकडली हाय!"

त्या रात्री कुत्रीनं भाकरी खाल्ली, वर माझी पोळीही पळवली.

पण तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून खोडवा फुटायला कितीसा वेळ लागतो? दोन-चार महिन्यांत पुन्हा भिंत. त्या बाईनंच विचारलं, "ताई, पट्टा पडला की आमी घरी जाऊ, तवा नेऊ का हिला? रान मोकळं हाय तिकडं." पट्टा पडायला, म्हणजे तोडीचा हंगाम संपायला, अजून अवकाश होता. मी "बघू" म्हणाले. आमच्या घरात बघू म्हणजे होच. नवरा गाईची धार काढत होता, त्यानं ऐकलं.

पुढच्या आठवड्यात आवाज आला म्हणून मागे गेले, तर ट्रॅक्टरला नांगर लावून हा उसाच्या खोडक्या उपटतोय.

"अहो, खोडवा ठेवायचा होता ना?"

"जमीन थकली. गायांना लसूणघास नको का?" माझ्याकडं न बघता तो म्हणाला.

घास लावलेला एक तुकडा आमच्याकडं आधीच होता, आणि गाई दोनच. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्याची यथेच्छ टर उडवली. चांगलं उसाचं रान असं कुणी घालवतं का? तो फक्त म्हणायचा, "घास एकदा लावला की तीन वरसं बघायला नको."

पट्टा पडला तशी ती बाई न्यायला आली. मी तिला हिरवागार, गुडघ्याएवढा घास दाखवला आणि म्हणाले, "राहू द्या आता." तिनं बांधावरून पळणाऱ्या कुत्रीकडं पाहिलं, मान हलवली आणि कुत्रीसाठी आणलेली दोरी पुन्हा गुंडाळली.

संध्याकाळी नवऱ्यानं खुर्ची मागच्या दारात आणून ठेवली. रानापलीकडं लांबचा दुसरा रस्ता दिसत होता, त्यावरून एक सायकलवाला चालला होता, पार वळणापर्यंत.

"तू आल्या आल्या इचारलं हुतं," तो म्हणाला, "लांबचं दिसत न्हाई का म्हनून. बसा आता दोघी बघत."

मला एकदम रडू फुटलं. कुत्री सायकलवाल्याकडं बघत होती, तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.