मामांच्या दुकानाची गादी

माझ्या मोठ्या मामांइतका संतापी माणूस पैनगंगेच्या अलीकडे झाला नाही, पलीकडेही झाला नसावा. आदिलाबादेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. चहा गरम असला तर ते चहावर चिडायचे, निवला तर मामीवर. गिऱ्हाइकानं घासाघीस केली तर भांडायचे, आणि निमूट कापड घेतलं तर "हा मानूस मले येडा समजते का?" म्हणून दिवसभर धुमसायचे. निजामी गेली तेव्हा त्यांनी पेढे वाटले, आणि पेढे कमी पडले म्हणून हलवायाशी बोलणंच टाकलं. पुढे भाषेनुसार राज्यं झाली. किनवट मराठी मुलखात गेलं, आदिलाबाद तेलुगू राज्यात राहिलं. मामा तडक तहसिलीत गेले. "मले इचारलं का कोनी?" तहसीलदारानं त्यांना बसायला खुर्ची दिली. ती डगमगत होती, म्हणून तिच्यावरूनही भांडून आले.

पण माझा त्यांच्यावरचा राग वेगळा आहे, आणि तो अजून गेलेला नाही. त्याच वर्षी लक्ष्मीपूजनाला त्यांनी मुलाला, वसंताला, गादीवर बसवलं. वसंताला तेलुगू येत नव्हतं. तेलुगू गिऱ्हाईक आलं की तो मागच्या खोलीत सटकायचा, आणि गिऱ्हाईक सांभाळायची त्याची बहीण गोदाताई. लग्नानंतर लवकरच नवरा गेला म्हणून ती माहेरी परतली होती, शेजारणींकडून तेलुगू शिकली होती. पूजा आटोपल्यावर ती म्हणाली, "बाबा, मले काऊन नाही इचारलं?"

"बाईमानसानं गादीवर बसावं का?" मामा असे कडाडले की रस्त्यावरची माणसं थबकली.

"दुकान तं मीच चालवून राह्यली ना," एवढंच म्हणून ती आत गेली.

तहसिलीत जाब विचारणाऱ्या माणसाला घरात कुणी जाब विचारलेला चालला नाही.

उन्हाळ्यात वसंता किनवटला सासुरवाडीला गेला, तो तिथलाच झाला. मामांनी दुकानाला कुलूप घातलं. गोदाताईनं दुकानासमोरच्या एका शेजारणीच्या ओसरीवर चार लुगडी मांडली, आणि जुनी गिऱ्हाइकं तिच्याकडे वळली. मामा कितीतरी महिने त्या ओसरीकडे पाठ करून बसत. मग एका सकाळी उरलेले तागे स्वतः वाहून त्यांनी तिच्यापुढे ठेवले. "उंदरं खाऊन राह्यले," म्हणाले, आणि तिथंच टेकले.

बऱ्याच वर्षांनी मी गेलो, तेव्हा मामा सतरंजीवर बसून कापडाच्या घड्या करत होते. एका बाईनं भाव विचारला. मोडक्यातोडक्या तेलुगूत मामांनी तिला सांगितलं, की जरा बसा, मालकीण जेवते आहे.

गोदाताई हात पुसत बाहेर आली. एव्हाना तिचे केस पांढरे झाले होते.