समासात लिहिलेली पत्रं

आमच्या कॉलेजच्या लायब्ररीतून मी कधीच रिटायर झाले, पण जुन्या घराण्यांनी स्कॅनसाठी दिलेली मराठी पत्रं वाचणारं तिथे कोणी उरलं नाही म्हणून पुन्हा बोलावलं. पत्रं सगळी स्कॅन झालेली. मी फक्त कोणी कोणाला लिहिलं ते टाइप करायचं, बस. पण बघते तर बायकांच्या पत्रांचा शेवटच गायब! अहो, आमच्या आई-मावश्यांना कागद कधी पुरला का? उरलेलं त्या समासात आडवं लिहायच्या, आणि मनातलं खरं तिथेच असायचं.

"मॅडम, किनारे कुठे गेले?" मी लायब्रेरियनला विचारलं.

"वो तो मशीन अपने आप काटती है, काकूजी. साफ दिसतं ना!"

सोमवारी पत्रं ज्याची त्याला परत जाणार होती. गप्प बसले असते तर त्याच दिवशी सुटले असते. डोळे चुरचुरत होते, कंबर तर बोलतच होती.

"बायकांची सगळी पुन्हा स्कॅन करावी लागतील," मी म्हटलं.

"सगळी? काकूजी, मजाक मत करो!"

"मजाक कसली? ते काटणं बंद करा आणि चहा सांगा. मशीनवर कागद मी लावून देते."