बातमी नसलेला चहा

कात्रपच्या फ्लॅटमध्ये सासूबाई बनूबाईंची औषधं, पथ्य, दवाखान्यातली रांग, सगळं रंजनाच बघायची. पण बनूबाई शेजारणींना कौतुक सांगायच्या ते धाकट्या सुनेचं. "आमची तेजल हृदयाच्या ठोक्यांवर संशोधन करते!" रंजनाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

रविवारी तेजल अंबरनाथहून आली आणि सासूबाईंच्या ईसीजीचा कागद पसरून बसली. "आई, पुढचा ठोका आधीच ओळखता आला, तर त्यात नवीन काही कळत नाही. तुमचे ठोके ओळखताच येत नाहीत, म्हणून प्रत्येक ठोका बातमी होतो. ती बातमी किती, ते आम्ही मोजतो. त्यावरून बिघाड समजतो."

"गुणाची गं बाय माझी!" बनूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. रंजनाने पुढे केलेला चहा मात्र न बघताच तोंडाला लावला.

कप विसळताना रंजनाला ते सगळं गणित कळलं. आपला चहा रोज ठरल्या वेळी येतो. त्यात कसली आलीय बातमी?

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी जाग आली, तरी ती उठलीच नाही. शेवटी बनूबाई भिंत धरत आल्या आणि तिच्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "रंजे, बरं नाही का गं? माझ्या काळजात धस्स झालं."

रंजनाने डोळे मिटूनच घेतले आणि तो हात दोन्ही हातांनी तिथेच धरून ठेवला.