सुखीबाईनं पास केलेले सिनेमे

बबिता आडेच्या स्पॅनिशच्या क्लासला मी वरची खोली दिली, तेव्हा घरचे हसले होते. यवतमाळात स्पॅनिश शिकणार कोण? पण शिकणारे निघाले. पुण्याच्या कंपन्यांत स्पॅनिशवाल्यांना बरी नोकरी लागते, हे पोरांना बरोबर ठाऊक होतं. बबिता स्वतः उमरखेडकडच्या तांड्यावरून पुण्याला गेलेली. भाषा शिकून सहा वर्षं तिथे नोकरी केली, मग परत आली आणि आईला, सुखीबाईला घेऊन यवतमाळच्या लोहारा भागात राहू लागली. बबिता मोठी हट्टी. खाली माझं कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट, वर तिचा क्लास.

पहिल्या तुकडीचे अकरा जण नागपूरला परीक्षेला बसले. लिहिण्यात झकास, पण ऐकण्याच्या पेपरात नऊ जण आपटले. मी काही मोठ्या मनाचा माणूस नाही. सरळ सांगितलं, "मॅडम, पुढच्या खेपेस निम्मे तरी पास झाले पाह्यजे. नाही तर खोली मले टॅलीच्या क्लासले पाह्यजे." आणि तेवढ्यावर न थांबता टॅलीचा मोठा फ्लेक्स छापून आणला आणि जिन्याखाली गुंडाळून ठेवला. जाता-येता तिला दिसेल असा.

पोरांना ऐकायची सवय लागावी म्हणून ती दर शनिवारी स्पॅनिश सिनेमा दाखवायची. प्रोजेक्टर आणि आमची पिवळी पडलेली भिंत. ज्याला जास्त बक्षिसं, तो सिनेमा, अशी तिची निवड. एक मीही पाहिला. माणूस अर्धा तास समुद्राकडे तोंड करून उभा. शेवटी एकदाचा बोलला, तर सगळ्यांचे डोळे खाली येणाऱ्या इंग्रजी ओळींवर. कानांना काही कामच नाही. कारखान्यातली पाळी करून आलेला इंद्रजीत तर चक्क घोरत होता.

खरी मेख सापडली ती बबिताच्या घरी. एका रविवारी ती पुढचा सिनेमा तपासत बसली होती. पेन ड्राइव्हवरच्या त्या प्रतीत खालच्या ओळीच नव्हत्या. शेजारी सुखीबाई कांचळीवर, म्हणजे बंजारा चोळीवर, आरसे टाकत होती. सिनेमा संपला आणि तिनं सगळी गोष्ट सांगून टाकली. तिनं सांगितली गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत; बबितानं मला आपल्या बोलीत सांगितली ती अशी: "थोरलीनं वावर विकू देल्लं नाही, म्हणून धाकटा जेवला नाही. बुढ्याले सगळं मालूम हाय, पण तो बोलत नाही." स्पॅनिशचा एक शब्द येत नसताना! फक्त मामाला सासरा केलं होतं, एवढीच काय ती चूक.

बबिता म्हणते, मला नवल वाटायलाच नको होतं. तांड्यावरच्या बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की गळ्यात गळा घालून सुरात रडतात आणि रडता रडताच घरचं सगळं सांगतात. कोण गेलं, कोणाचं ठरलं, ते लांब उभ्या असलेल्या पोरीलाही कळतं. सुखीबाईचे कान असे तयार झालेले. ती आधी आवाज धरते, शब्द मागून येतात. पोरांना मात्र आम्ही उलटं शिकवत होतो.

त्या दिवसापासून बक्षिसं गेली चुलीत. दर रविवारी याडीपुढे, म्हणजे आईपुढे, दोन-तीन सिनेमे, ओळी बंद करून. सुखीबाईनं गोष्ट सांगितली तर सिनेमा पास. तिनं मध्येच मान खाली घालून सुई उचलली की नापास. असे तीस-पस्तीस गारद झाले आणि सात उरले. त्यांत भांडखोर घरं होती, एक खानावळ होती, एक लांबचा बसप्रवास होता.

मी भडकलो. "परीक्षा स्पॅनिशची हाय का तुमच्या आईची?"

"बापूजी, तुमी फ्लेक्सवरची धूळ तेवढी झटकत राहा," ती म्हणाली.

दुसऱ्या तुकडीत नापास झालेले नऊ आणि नवे दोघं होते. एका शनिवारी वर इतका गोंधळ सुरू झाला की मी रागावायलाच जिना चढलो. सुखीबाई स्वतः क्लासला आली होती. सिनेमातला पोरगा आईच्या पेटीतली साखळी घेऊन गेला होता आणि इंद्रजीत म्हणत होता, "चोरली त्यानं."

"कायले चोरील?" सुखीबाई उसळली. "तिनंच देल्ली त्याले. आवाज आयक तिचा. चोरी झालेली बाई अशी बोलते का?"

बबितानं तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा कळंबहून येणारी वैष्णवी खुर्चीवरून उठलीच. "मॅडम, ती म्हणून राह्यली, मीच ठेवली होती तुझ्यासाठी!"

खाली एकही ओळ नव्हती. पोरीनं नुसतं ऐकलं होतं. वर्गानं जो कल्ला केला, तो ऐकून मी रागावायचं विसरलो आणि दारातच उभा राहिलो.

निकालाच्या दिवशी सगळे वर जमले, सुखीबाईसुद्धा. बबितानं तिचा फोन माझ्या हातात दिला आणि निकाल मीच वाचला. ऐकण्याच्या पेपरात अकरापैकी दहा पास! इंद्रजीत सगळ्यांत वर. "दहा!" मी ओरडलो, आणि लपवत नाही, माझे डोळे भरून आले. सुखीबाईनं विचारलं, "अकरावा काहून राह्यला?"

मी खाली गेलो आणि फ्लेक्स घेऊन आलो. तो पाहून पोरांनी वह्या आवरायला घेतल्या. मी तो उलटा धरला, पांढरी बाजू समोर, आणि त्या पिवळ्या भिंतीवर खिळे मारून ताणून बसवला. "आता चेहरे नीट दिसतील," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी त्यावर नवा सिनेमा लागला, ओळी बंद ठेवून. संपल्यावर सुखीबाईनं सगळ्या पोरांना सोडून माझ्याकडे बोट केलं. "बापूजी, आता तुमी सांगा."

मी गोष्ट सांगितली. अडखळत, पण शेवटपर्यंत सांगितली. तिनं सुई उचलली नाही. तेव्हापासून शनिवारी दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची माझी आहे.